आधी मजुरी, मग ड्रॅगन

डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या दुनियेत एक गाय १० सोन्याच्या नाण्यांना मिळते. नाण्याचं वजनही नियमपुस्तकात दिलेलं आहे. ५० नाण्यांचा एक पौंड, म्हणजे एक नाणं साधारण ९ ग्रॅमचं. आता करा हिशेब. एका गाईला ९ तोळे सोनं! साधी लांब तलवार १५ नाण्यांना, म्हणजे साडेतेरा तोळ्यांना. अंगभर पोलादी चिलखत हवं असेल तर १५०० नाणी, म्हणजे ३० पौंड सोनं. आणि ते चिलखत स्वतः भरतं ६५ पौंड. आईला हे वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "मग त्या गावातले चोर दागिने सोडून गाईच नेत असतील."

ज्यांनी हा खेळ कधी खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. त्यातला एक गेम मास्टर. गाव, रान, राक्षस, दुकानदार, राजा सगळं त्याच्या तोंडून येतं. बाकीचे एकेक पात्र घेतात, कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी चोर. काय करायचं ते बोलून ठरवायचं, आणि जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा सांगतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघांनी १९७४ साली अमेरिकेत हा खेळ छापला. नंतर त्याच्या पोटी असे शेकडो खेळ आले. आमच्या गटात हा खेळ दोन वर्षं चाललाय. नियम इंग्रजीत, गोष्ट मराठीत, आणि भांडण मराठी, कन्नड, हिंदी जे तोंडाला येईल त्यात. गेम मास्टरच्या खुर्चीत बहुतेक वेळा मी असतो. तेव्हा हे मत त्या खुर्चीतून आलेलं आहे असं समजा.

माझं म्हणणं एवढंच आहे की खेळातल्या किमतींच्या यादीत पहिली ओळ मजुराच्या रोजाची असावी, आणि बाकीच्या सगळ्या किमती त्या ओळीशी ताडून बघाव्यात. गाय किती तोळ्यांना पडते याच्याशी मला फारसं देणंघेणं नाही. सोनं स्वस्त असलेली दुनिया असू शकते. जिथे ड्रॅगन उडतात तिथे सोनंही ढिगानं असेल. पण त्या दुनियेत सकाळी कामाला निघालेला माणूस संध्याकाळी घरी काय घेऊन येतो, हे जर आम्हा कुणालाच माहीत नसेल, तर ती दुनिया म्हणजे नुसता रंगवलेला पडदा.

आता यादीच उघडून बघू. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत साध्या मजुराचा रोज आहे २ चांदीची नाणी. १० तांब्याची एक चांदी, १० चांदीचं एक सोनं. त्याच पुस्तकात राहणीमानाचा रोजचा खर्चही दिलेला आहे. 'गरीब' राहणी दिवसाला २ चांदी, त्याच्या खालची हलाखीची राहणी १ चांदी. म्हणजे एकट्या मजुराचं गणित बरोब्बर जुळतं. मिळाले २, गेले २. पण त्याला बायको आणि दोन मुलं असली तर? नवरा-बायको दोघंही रोज कामाला गेले तर येणार ४ चांदी. चौघांना हलाखीत जगायला लागणार ४ चांदी. शिल्लक शून्य. एक दिवस पाऊस लागला, काम बुडालं, की त्या दिवशी घरातलं कुणीतरी उपाशी. पुस्तकात हे कुठे लिहिलेलं नाही. पण आकडे शेजारी शेजारी ठेवले की ते कुटुंब दिसायला लागतं.

पुढची ओळ कुशल कारागिराची. त्याचा रोज २ सोनं, म्हणजे २० चांदी. बिगाऱ्याच्या दहापट! आपल्याकडे सकाळी नाक्यावर गवंडी आणि बिगारी दोघंही कामाची वाट बघत उभे असतात. गवंड्याची हजेरी जास्त असते, पण ती बिगाऱ्याच्या दुपटीच्या अलीकडे-पलीकडे. दहापट असती तर नाक्यावर बिगारी उरलाच नसता, प्रत्येकाने पोरगा गवंड्याच्या हाताखाली लावला असता. इंग्लंडमध्ये प्लेगची मोठी साथ येऊन गेल्यावर मजूर कमी पडले आणि मजुरी चढू लागली. ती दाबून धरण्यासाठी १३५१ साली कायदा झाला. त्या कायद्यात कापलेलं गवत वाळवणाऱ्याला दिवसाला १ पेनी, मुख्य सुताराला ३ पेनी आणि दगडी कामाच्या मुख्य गवंड्याला ४ पेनी असे दर बांधून दिलेले आहेत. म्हणजे तळापासून मुख्य गवंड्यापर्यंत चौपट. आणि त्याच शतकात इंग्रज सैन्यात घोड्यावरच्या तिरंदाजाला दिवसाला ६ पेनी, जडशस्त्री स्वाराला १२ आणि सरदाराला २४ पेनी मिळत. या पाच-सहा आकड्यांत तुम्हाला एक अख्खा समाज दिसतो. गवत वाळवणाऱ्याचा पोरगा धनुष्य घेऊन फ्रान्सला का गेला, हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आमच्या पुस्तकातल्या यादीत अशा गमती बऱ्याच आहेत. कोंबडी २ तांब्याची, म्हणजे मजुराच्या एका रोजात १० कोंबड्या. साधे कपडे ५ चांदीचे, म्हणजे अडीच दिवसांची मजुरी. पण प्रवासात खायची कोरडी शिधोरी एका माणसाला, एका दिवसाला, तीही ५ चांदीची! कपड्यांचा आकडा सगळ्यात खोटा. यंत्रं येण्याआधी एका विणकराच्या मागाला सूत पुरवायला अनेक बायकांनी दिवसच्या दिवस कातत बसावं लागे. म्हणून तर युरोपात लोक मृत्युपत्रात जुना अंगरखा कुणाला द्यायचा ते लिहून ठेवत. आणि आमचे वीर लढाई संपल्यावर शत्रूची तलवार तेवढी उचलतात, कपडे तिथेच टाकून पुढे जातात. खऱ्या बाजारात चित्र उलटं असतं, मेलेल्या सैनिकाच्या अंगावर आधी बंडी उरत नाही.

शिडीचा किस्सा तर खेळणाऱ्यांत प्रसिद्धच आहे. २००३ च्या साडेतीनाव्या आवृत्तीत १० फुटी शिडी ५ तांब्याची, आणि १० फुटी नुसती काठी २ चांदीची, म्हणजे २० तांब्याची. शिडी घ्या, पायऱ्या काढून टाका, दोन काठ्या विका, श्रीमंत व्हा! पाचव्या आवृत्तीत ते दुरुस्त केलंय. काठी ५ तांब्याची, शिडी १ चांदीची. म्हणजे आता दोन काठ्यांची एक शिडी, पायऱ्या आणि सुताराचं काम फुकट. यादी करणाऱ्याला सुतार अजूनही दिसलेला नाही.

या याद्या अशा का झाल्या याला कारणं आहेत, आणि ती समजून घेतल्याशिवाय नावं ठेवणं बरं नाही. पहिलं कारण खेळाच्या तोलाचं. चिलखत १५०० ला आहे ते पोलाद महाग आहे म्हणून नाही, तर नवख्या पात्राने पहिल्याच दिवशी ते घेऊ नये म्हणून. किंमत म्हणजे खरं तर कुलूप आहे. दुसरं कारण खुद्द गायगॅक्सने सांगितलेलं. १९७८ च्या प्लेयर्स हँडबुकात त्याने वाचकाला अलास्कातल्या गोल्ड रशची गावं डोळ्यांपुढे आणायला सांगितली होती. अचानक सोन्याचा पूर आलेला, आणि अंड्यासारख्या वस्तूचे भाव आकाशाला भिडलेले. म्हणजे किमती फुगलेल्या आहेत हे त्याला चांगलं ठाऊक होतं. वीर जिथे जातात तिथे सोनं ओततात, तिथला बाजार त्यांच्यासाठी चढलेला असतो, हा त्याचा युक्तिवाद.

युक्तिवाद चांगला आहे, इतिहासही त्याच्या बाजूने आहे. १३२४ साली मालीचा राजा मन्सा मुसा हजला जाताना कैरोत थांबला आणि त्याने इतकं सोनं वाटलं आणि खर्चलं की तिथे सोन्याचा भाव पडला. अल्-उमरी या लेखकाने काही वर्षांनी कैरोतल्या लोकांकडून माहिती घेऊन लिहिलं, तेव्हाही तो सावरला नव्हता. पण इथेच खरी मेख आहे. भाव चढल्यावर ज्याच्याकडे सोनं आहे त्याचं काही बिघडत नाही. ज्याचा रोज २ चांदीवरच अडकलाय त्याचं काय? आमच्या खेळात पहिल्या पातळीवरच्या साध्या खजिन्यातही सरासरी २०० च्या आसपास सोन्याची नाणी निघतात. म्हणजे एका मजुराचे १००० रोज. चार वीर एका संध्याकाळी गुहेतून ते घेऊन वर येतात आणि गावात उधळतात. गोल्ड रशची उपमा द्यायची तर पूर्ण द्यावी. त्या गावात पोरांना अंडं मिळेनासं झालं, ही बाजूही गोष्टीत यावी.

यावर माझ्याच गटातून आलेला आक्षेप असा, "अरे, इथे माणूस बोटांतून आग फेकतो ते तुला चालतं, आणि कोंबडीच्या भावावर तू अडून बसतोस?" हसायला ठीक आहे. पण आग फेकणाऱ्या जादूला किती काटेकोर नियम आहेत ते बघा. दिवसाला किती वेळा, किती फुटांपर्यंत, किती फासे. त्यात एक फूट इकडे-तिकडे झाला तर हाच मित्र पुस्तक उघडून भांडतो. कारण त्याला माहीत आहे की मर्यादा असली तरच जादू वापरण्यात मजा आहे. पैशाचंही तेच. ५० हा नुसता आकडा असेल तर तो दिला काय, ठेवला काय. ५० म्हणजे कुणाचे तरी अडीचशे दिवस हे कळलं की देणं हाही एक डाव होतो, आणि न देणं हाही.

हे मी पुस्तकी बोलत नाही. मागच्या सत्रातल्या मोहिमेत आमचे वीर डोंगराखालच्या एका वाडीत मुक्कामाला होते. तिथे एका मजुराची मुलगी तापाने फणफणलेली. वीरांच्या पिशवीत जखम भरून काढणाऱ्या औषधाची एकच कुपी. आमच्या टेबलावर ती तापावरही चालते असं आधीच ठरलेलं. पुस्तकातली किंमत ५० सोनं. एरवी कुणीतरी "देऊन टाकू" म्हटलं असतं आणि फासा पुढे सरकला असता. मी फक्त एवढंच सांगितलं, "या बापाने काही न खाता रोजची सगळी मजुरी बाजूला टाकली तर अडीचशे दिवसांनी त्याला अशी एक कुपी घेता येईल." त्यावर पाऊण तास वाद झाला. योद्ध्याचं म्हणणं, उद्या घाटात टोळी आडवी येणार आहे, कुपी आपल्यालाच लागेल, आणि टोळी नाही मारली तर वाडीच राहणार नाही. आमच्यातली एक मैत्रीण वैद्याचं पात्र खेळते. ती म्हणाली, "मग आपण कुणासाठी मारतोय?" शेवटी कुपी दिली. दुसऱ्या दिवशी घाटात योद्धा पडला, आणि त्याला उठवायला काही नव्हतं. ज्याचं पात्र मेलं तो आठवडाभर माझ्याशी नीट बोलत नव्हता. पण त्या मोहिमेतलं आज कुणालाही काही विचारा, सगळे त्या कुपीबद्दलच बोलतात. ड्रॅगनला कसं मारलं ते निम्म्यांना आठवतही नाही.

दुसरा प्रसंग हलकाफुलका. नदी ओलांडायला नावेत बसले, आणि उतरताना चोराचं पात्र खेळणाऱ्याने ऐटीत एक सोन्याचं नाणं नावाड्याच्या अंगावर फेकलं. पाच दिवसांची मजुरी. तो बिचारा खूश व्हायच्या ऐवजी घाबरला. हे नाणं मोडायचं कुठे? सावकाराकडे गेलं तर तो विचारणार कुठून आणलंस. पाटलाच्या कानावर गेलं तर चोरीचा आळ. त्याने हात जोडून नाणं परत केलं आणि म्हणाला, "दादा, सुटे असतील तर द्या." तेव्हापासून आमच्या टेबलावर मोठ्या फुशारकीला उत्तर म्हणून "सुटे द्या" हाच शब्द चालतो. पण त्यातली गोष्ट खरी आहे. गरिबाच्या हातातलं सोनं हे आधी संशय असतं, मग धन.

थोडक्या आकड्यांत किती मोठं जग उभं राहतं याचं उत्तम उदाहरण आपल्या कॉलेजच्या असेंब्लीत बहुतेकांनी ऐकलेलं आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या २० व्या अध्यायातला द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला. मालक पहाटे मजूर ठरवतो, रोज एक दिनार. मग दिवसभर चौकात जाऊन रिकामे उभे असलेले आणखी मजूर आणतो, आणि संध्याकाळी शेवटच्या तासाला आलेल्यांनाही तोच एक दिनार देतो. त्याचा धार्मिक अर्थ सांगणारे जाणकार आहेत. मी फक्त गेम मास्टरच्या नजरेने बघतोय. ऐकणाऱ्याला दिनार म्हणजे एक रोज हे पक्कं माहीत होतं, म्हणूनच सकाळपासून राबलेल्यांची तक्रार आपल्यालाही टोचते. त्याच शुभवर्तमानात बाजारातल्या चिमण्यांचा भाव आहे, तांब्याच्या एका लहान नाण्याला दोन. लूककृत शुभवर्तमानात तशा दोन नाण्यांना पाच, म्हणजे घाऊक घेतल्या तर एक वर फुकट! अशी १६ नाणी म्हणजे एक दिनार, तेव्हा एका रोजात ४० चिमण्या. आणि प्रकटीकरणाच्या ६ व्या अध्यायात एका दिनारला एका माणसाच्या दिवसभराच्या पोटापुरता गहू, किंवा त्याच्या तिप्पट जव. म्हणजे ज्याला बायकापोरं आहेत त्याने गव्हाचं नाव काढायचं नाही. दुष्काळ कसा असतो हे सांगायला तिथे भावाची एक ओळ पुरली. आमच्या नियमपुस्तकात सामानाची पानंच्या पानं आहेत, पण अशी एक ओळ नाही.

आता आपल्याकडचं. आम्ही मोहीम मराठीतून खेळायला लागल्यावर वाडी आपोआप आपल्याकडच्यासारखी झाली, आणि किमतीच्या यादीचा आणखी एक घोटाळा वर आला. योद्धा लोहाराकडे गेला आणि विचारलं, "कुऱ्हाड केवढ्याला?" आमच्यातला एक जण शेतकरी घरातला. तो म्हणाला, "असं कुठं असतंय? लोहाराला सुगीला बलुतं मिळतं. वर्षभर तो गावाचं काम करतो, एकेका कुऱ्हाडीचे पैसे कोण मोजतंय?" बरोबर होतं त्याचं. लोहार, सुतार, कुंभार, न्हावी यांना शेतकऱ्याच्या खळ्यावरून धान्याचा वाटा मिळे. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गाव-गाडा' लिहिला, त्यात हा सगळा व्यवहार तपशीलवार आहे. म्हणजे गावात रोख किमतीची यादी मुळात परक्यांसाठी. वीर हे परके आहेत, रोख मोजणारे आहेत, आणि म्हणून गाव त्यांच्याकडे डोळे किलकिले करून बघणार. ही एक गोष्ट समजल्यावर आमच्या वाडीतला प्रत्येक दुकानदार नुसता भाव सांगणारा राहिला नाही.

पण बलुत्याचं कौतुक करताना एक खबरदारी हवी. तो काही गोडीगुलाबीचा सामायिक संसार नव्हता. कुणाचा वाटा मोठा, कुणाचा लहान, कुणी मागायचा कसा आणि कुठे उभं राहून, हे जातीने ठरलेलं होतं. महारांच्या वाट्याला तर वतनाच्या नावाखाली वेठ आली. तो कायदा बदलावा म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडलं होतं. दया पवारांनी आपल्या आत्मकथनाला 'बलुतं' हेच नाव दिलं ते उगाच नव्हे. तेव्हा खेळातल्या गावात बलुतं आणायचं तर "कुणाला किती" च्या जोडीला "कुणाला का कमी" हाही प्रश्न आणावा लागतो. आमच्या वाडीत तो आला, आणि वैद्याच्या पात्राने त्यावरून पाटलाशी उभं वैर घेतलं. गोष्ट तिथून पुढे तीन बैठका चालली. मला काही नवा राक्षस शोधावा लागला नाही.

पैसा असला तरी दाणा असेलच असं नाही, हेही यादीत बसत नाही. १६७३ साली शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळ तळ दिलेल्या आपल्या लष्कराला पाठवलेलं पत्र आपल्याला शाळेपासून माहीत आहे. पावसाळ्याची बेगमी आधीच उधळलीत तर पुढे वैरणीवाचून घोडी मरतील, आणि मग तुमची माणसं कुणब्यांच्या घरात शिरून दाणे, भाकरी, गवत, लाकूडफाटा उचलायला लागतील, असं त्यात बजावलं आहे. गेम मास्टरने ते पत्र एकदा नव्याने वाचावं. आषाढात पाच वीर आणि पाच घोडी वाडीत दहा दिवस राहिली, तर भले ते सोन्यात मोजोत, कणगीतला दाणा त्यामुळे वाढत नाही. तो कुणाच्या तरी ताटातून येतो.

काही गेम मास्टर यावर एक सोपा उपाय करतात. पुस्तकात जिथे सोनं लिहिलंय तिथे चांदी वाचायची. सोनं पुन्हा दुर्मीळ होतं, तलवार १५ चांदीला येते, ऐकायला बरं वाटतं. पण हा उपायही मजुरापासून सुरू होत नाही. मजुराची ओळ मुळातच चांदीत आहे, ती तशीच ठेवली आणि कारागिराचे २ सोने २ चांदी केले, तर गवंडी आणि बिगारी एकाच हजेरीवर! काहींनी नाण्यांची घडणच बदलली आहे. वॉरहॅमर या खेळात १२ पेनीचा शिलिंग आणि २० शिलिंगचा क्राउन आहे, जुन्या इंग्रजी पौंडासारखा. आपल्याकडे १९५७ पर्यंत १६ आण्यांचा रुपया होता, त्यामुळे आजीला हा हिशेब आमच्यापेक्षा लवकर कळेल. रंगत येते यात शंका नाही. पण नाण्याचं नाव बदलून बाजार खरा होत नाही.

आणि दुसऱ्या टोकाचे लोकही आहेत. खिळ्यापासून केशरापर्यंत चाळीस पानांची यादी, प्रत्येक शहराला वेगळा भाव, वाहतुकीचं गणित वेगळं. त्यांचं मला कौतुक आहे, पण शुक्रवारी कॉलेज सुटल्यावर तीन तास मिळतात, त्यात कुणी कोष्टकं वाचत बसणार नाही. खेळ हा खेळच राहावा. म्हणून आम्ही सामानाची छापील यादी तशीच ठेवली आणि वहीच्या पहिल्या पानावर फक्त पाच ओळी लिहिल्या.

बिगाऱ्याचा रोज, हे आमचं मूळ माप. कारागिराचा त्याच्या दुप्पट. एका माणसाचं दिवसाचं धान्य पाव रोज, म्हणजे चौघांच्या घरात एकाचा रोज नुसत्या पोटातच जातो. धडसे कपडे २० रोज. दुभती गाय ६० रोज. बाकीची कुठलीही किंमत अडली की आम्ही विचारतो, "हे किती रोजांचं?", आणि सगळ्यांनी मिळून दोन मिनिटांत आकडा ठरवतो. पानाच्या तळाशी एक टीप आहे: ज्येष्ठ ते भाद्रपद धान्याचा भाव दुप्पट. एवढ्यावर आमचं वर्ष निघालं. चूक-बरोबर इतिहासकार ठरवतील; पण टेबलावरच्या प्रत्येकाला आता कुठल्याही सोन्याच्या नाण्यात माणसाचे दिवस दिसतात.

हा लेख आपल्या साहित्य मंडळाच्या अंकासाठी लिहिण्याचं कारणही तेच. आपल्यातले बरेच जण कथा लिहितात, काही जण काल्पनिक राज्यांच्या कादंबऱ्या सुरू करून अर्ध्यावर सोडतात. त्या राज्यांना नकाशे असतात, वंशावळी असतात, तलवारींना नावं असतात. तिथे रस्ता झाडणाऱ्या बाईला दिवसाला काय मिळतं हे मात्र लिहिणाऱ्याने कधी ठरवलेलं नसतं. ठरवून बघा. ती ओळ छापायची गरज नाही, तुमच्या वहीत असली तरी पुरे. मग तुमचा राजपुत्र तिच्या समोरून घोडा उधळत गेला, तर ती काय विचार करत बाजूला झाली हे तुम्हाला शोधावं लागणार नाही.

पुढच्या सत्रात आम्ही नवी मोहीम सुरू करतोय. दोन जागा रिकाम्या आहेत. खेळ येत नसला तरी चालेल, फासे आमच्याकडे आहेत. येताना फक्त आपल्या पात्राच्या नावाबरोबर एवढं ठरवून या की वीर व्हायच्या आधी ते कुणाकडे कामाला होतं, आणि त्याला रोज किती मिळत होता.